वारकऱ्यांची मोजणी

"एकशे दहा, एकशे वीस, एकशे तीस... थर्मास नंतर उघड बे!"

मास्तरचा डावा डोळा मिटलेला आहे, उजवा तिपाईवरच्या दुर्बिणीला लागलेला. मुठीत मोजणीचं छोटं यंत्र. दर दहा पक्ष्यांमागे अंगठा दाबला जातो आणि टिक् असा आवाज होतो. बेंबळा धरणाच्या भिंतीवर आम्ही दोघंच आहोत. कानटोप्या भिवयांपर्यंत ओढलेल्या, उगवतीचं ऊन पाठीवर. ऊन पाठीवरच हवं. समोरून आलं की पाण्यावरची सगळी पाखरं एकजात काळी दिसतात आणि मोजणी बोंबलते. भिंतीच्या पूर्वेला वर्धेकडे जाणारं बेंबळेचं पात्र, पश्चिमेला अडवलेलं पाणी. सकाळच्या कामाला याहून सोयीची जागा नाही. म्हणून तर यवतमाळहून अंधारातच धामणगाव रस्त्याला लागलो.

जानेवारीतला रविवार आहे. या महिन्यात आशियाभर पाणपक्षी मोजले जातात. युरोपात ही मोजणी 1967 पासून चालू आहे, आपल्याकडे 1987 पासून. जानेवारीच का, तर हिवाळी पाहुणे या दिवसांत आपापल्या मुक्कामी स्थिरावलेले असतात. आज इथे मोजलेलं बदक उद्या दुसऱ्याच्या यादीत जाण्याची भीती कमी. मास्तरने हे सगळं मला मोटारसायकलवर सांगितलं, त्यातलं निम्मं वाऱ्याने नेलं. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पटावरची पोरं मोजायची, पोषण आहाराची ताटं मोजायची, आणि सुटीच्या दिवशी बदकं मोजायची, असा त्याचा आठवडा. मी येतो तो काहीतरी वेगळं दिसेल या आशेने. त्याला वेगळ्याची फारशी पडलेली नाही. त्याला वहीतला रकाना भरायचा असतो.

"वारकरी किती?" मी हळूच विचारतो.

"तीनशे चाळीस. अजून अर्धं पाणी बाकी हाय."

वारकरी म्हणजे पक्षीनिरीक्षकांच्या गप्पांत ज्याचं नाव कधी निघत नाही असा पक्षी. काळपट अंग, कपाळावर पांढरा टिळा, पांढरी चोच. मोठं पाणी दिसलं की तिथे तो असतोच, त्यामुळे त्याच्यावरून नजर घसरते आणि पलीकडे काय आहे ते शोधू लागते. मोजायला बसलं की मात्र ती घसरू देता येत नाही. मास्तरची रीत अशी: आधी दहा पक्षी खरोखर एकेक करून मोजायचे. ते दहा पाण्यावर किती जागा व्यापतात ते नजरेत पक्कं करायचं. मग तेवढ्याच मापाने थव्यावरून पुढे सरकायचं. थवा कडेला विरळ आणि मध्ये दाट असतो, म्हणून कडेचं माप मध्ये लावलं तर आकडा फसतो; मध्ये पुन्हा नव्याने दहा मोजून घ्यावे लागतात. त्यात हा पक्षी बुड्या मारणारा. आत्ता डोळ्यासमोर होता तो पुढच्या क्षणी नाही, आणि तिकडे भलताच कुणीतरी वर आलेला.

मास्तर दुर्बीण माझ्याकडे सोपवतो. "घे, मान दुखली माही."

मी एकाच वारकऱ्यावर दुर्बीण धरतो. पाण्यावरच तो जराशी उसळी घेतो आणि डोकं खाली करून बुडतो. थोड्या वेळाने वर येतो तो चोचीत पाणवनस्पतीचा हिरवा लोंबता दोरा घेऊन. तो गिळायच्या आत बाजूचं एक करडं बदक मान पुढे काढून दोऱ्याचं दुसरं टोक धरतं आणि सरळ ओढून घेतं. गडवाल. स्वतः बुडी मारण्याची तसदी न घेता वारकऱ्यांच्या आसपास तरंगत राहायचं आणि त्यांनी तळातून काढून आणलेलं लुबाडायचं, हा त्याचा धंदाच आहे. वारकरी काही भांडत नाही. पुन्हा बुडी. पुन्हा दोरा. गडवाल तिथेच.

"गडवाल किती धरले?"

"बावीस."

"तेवीस कर. हा आडोशाला होता."

एवढ्यात उजवीकडच्या पाणकणसांतून एक तपकिरी शिकारी पक्षी उठतो. पंख वर इंग्रजी व्हीच्या आकारात धरून, पाण्याला जवळजवळ पोट लावत तो संथ येतो आहे. दलदली भोवत्या. पसरलेले वारकरी बघता बघता मध्याकडे धावू लागतात, पाण्यावर पाय आपटत, पंख फडफडवत, आणि त्या आपटण्याचा आवाज आमच्यापर्यंत यायच्या आत सगळे एका घट्ट गठ्ठ्यात जमलेले असतात. बदकं केव्हाच हवेत. भोवत्या गठ्ठ्यावर एक घिरटी घालतो, पाय खाली सोडतो. खालून शेकडो पंख एकदम पाणी उडवतात. तो पाय आवरून निघून जातो. त्याला बहुधा एखादा आजारी, मागे राहिलेला हवा होता, आणि आज मागे कुणी राहिलेलं नाही.

मास्तरची सातशेपर्यंत आलेली मोजणी मोडली आहे. तो यंत्राची कळ फिरवून आकडा शून्यावर आणतो आणि आता चहा मागतो.

दुसऱ्या फेरीत वारकरी 1,160 भरतात. माझ्या अंदाजाने बाराशेच्या वर. मास्तर वहीत 1,160 लिहितो. वाद झाला की कमी आकडा लिहायचा, हा त्याचा नियम. थापट्या 210: ही बदकं एकामागे एक गोल फिरताहेत, रुंद चोच पाण्यात बुडवून, पुढच्याने ढवळलेलं मागच्याने गाळून घ्यायचं. तलवार बदकं 85. काठाला हळदी-कुंकू बदकांच्या जोड्या, चोचीच्या टोकाला ठसठशीत पिवळा आणि बुडाशी दोन लाल ठिपके, ती 46. टिबुकल्या मोजायचं काम माझ्याकडे येतं, कारण त्या सारख्या बुडतात आणि मास्तरचा धीर सुटतो.

या यादीतली मराठी नावं मास्तर बिनचूक लिहितो. त्याच्या घरी मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश' आहे, पानं सुटायला आलेला. चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, पण नोकरीची बरीच वर्षं विदर्भातल्या जंगलांत घालवलेले. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. 5 नोव्हेंबरला त्यांचा वाढदिवस आणि 12 नोव्हेंबरला सालिम अलींचा, म्हणून राज्य सरकारने 2020 पासून तो आठवडा पक्षी सप्ताह ठरवला आहे. मास्तरच्या शाळेतली पोरं त्या आठवड्यात चिमण्यांची चित्रं काढतात. "चिमनीच काढते सारे," तो म्हणतो. "पुढच्या साली चिमनी काढाची नाही असा नियम करतो."

भिंत संपवून आम्ही काठाच्या पायवाटेला लागतो. बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकले आहेत. कापूस भरून जिनिंगला निघालेल्या गाड्या इथून अंग घासत जातात आणि जिल्हाभर रस्त्यांच्या कडेला हा पांढरा माल सांडत राहतो. एका पुंजक्यावर पांढुरकी मुनिया बसली आहे. मुठीत मावेल एवढं पाखरू, चोच मात्र जाड आणि निळसर राखाडी. ती कापसाचा धागा पकडून मागे झुकते, ओढते. धागा काट्यात अडकलेला, सुटत नाही. मग ती बाजू बदलते, डहाळीवर उलटी होते, खालून ओढते. आता येतो. तेवढ्या एका धाग्यानिशी ती बोरीच्या झुडपात शिरते. तिथे गवताच्या वेड्यावाकड्या गोळ्याला एक भोक दिसतं. मास्तर थांबत नाही. मुनिया पाणपक्षी नाही.

मी थांबतो, आणि मागे पडतो.

पाणी बरंच उतरलं आहे. खाली गेलेल्या काठावर धरणाआधीचा एक जुना डांबरी रस्ता उघडा पडला आहे. शेतातून येतो, थोडा चिखलात दिसतो आणि सरळ पाण्यात शिरतो. बुडालेल्या गावाला जाणारा असावा. डांबर उखडलंय, पण वळणाचा बाक अजून शाबूत आहे. त्यावर रस्त्यावर मुरूम सांडावा तसे छोटे आर्ली बसले आहेत. वाळूच्या रंगाचे, आखूड पायांचे, तोंडं सगळ्यांची वाऱ्याकडे. नुसत्या डोळ्याला दहा-बारा वाटतात. दुर्बिणीतून खड्डेही पक्षी निघतात. मास्तर बोटाने हवेत मोजतो: 58. मी मोजतो: 61. वहीत 58.

"काय पाहून राह्यले जी सर?" पाण्यातून आवाज येतो. थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून एक भोई जाळं ओढतो आहे. हातातली फळकुटं हीच त्याची वल्ही.

"पाखरं मोजतो, भाऊ."

"अन् मासोया कोन मोजन?"

"त्या तुम्ही मोजता ना रोज."

"आमी कायच्या मोजतो? या पानकावड्यायनं आमच्यासाठी ठेवल्या तं मोजू." तो हाताने दाखवतो. पाण्यात उभ्या वाळलेल्या बाभळीवर पाणकावळे पंख उघडून वाळत बसले आहेत, फांदी दिसत नाही इतके. मास्तर ते आधीच मोजून मोकळा झालाय, पण भोयासमोर आकडा सांगत नाही.

"मोठी बदकं दिसली का? डोक्यावर काळे पट्टे?"

"ते पल्याड हाय. हरभऱ्याच्या वावराखालती. त्या बुढ्याले इचारा, लय चिडून हाय तो."

पल्याड जायला मोटारसायकलने मोठा वळसा पडतो. वाटेत कपाशीच्या वावरांत शेवटचा वेचा चालू आहे; बाया कमरेला ओट्या बांधून वाकलेल्या. वरती कापशी घार एका जागी पंख फडफडवत थांबली आहे, उंदरासाठी. विजेच्या तारांवर नीलपंख, वेडे राघू, खाटीक. यांतला एकही मास्तरच्या कामाचा नाही, आणि गाडी चालवताना तो वर बघत नाही, हे बरंच आहे.

त्या बुढ्या काकांचं वावर दोन भागांत आहे. वरचा तुकडा मालकीचा, त्यातल्या हरभऱ्याला घाटे धरलेत. खालचा गाळपेरीचा: पाणी उतरेल तसतशी मोकळी होणारी गाळाची जमीन, पाणी मागे सरकल्यावर उशिरा पेरलेली, तिथला हरभरा अजून वीतभरच आहे. वरच्या तुकड्यात ठिकठिकाणी टी आकाराच्या काठ्या रोवल्यात. कृषीवाल्यांनी सांगितलेले पक्षीथांबे. कोतवाल आणि साळुंक्या त्यावर बसून घाटेअळी टिपताहेत. खालच्या तुकड्यात मात्र चमकीच्या पट्ट्या ताणल्यात, वाऱ्यावर फर्रर्र वाजणाऱ्या, मधूनमधून जुन्या कॅसेटची काळी फीतही. एकाच माणसाच्या वावरात पाखरांना आवतण आणि पाखरांना अटकाव. वर अळी खाणारी पाखरं हवीत, खाली कोंब खाणारी नकोत, यात काकांना काही विसंगत वाटत नाही आणि मलाही वाटत नाही.

"दिवसा नाई येत ते," काका सांगतात. "रातच्याले येतेत. चांदनं असलं का आवाज करत उतरते अन् कोंब खुडत खुडत जाते. बकरीपरीस बारीक खाते."

"फटाके लावता का?"

"एकडाव लावले. उडाले, त्या बाजूले बसले. तिकडचा मले शिव्या देऊन राह्यला."

त्यांची सून हरभऱ्याचे डहाळे उपटून आणते. काडीकचऱ्याच्या जाळावर हुळा होतो. घाटे काळे पडतात, आतला दाणा हिरवाच राहतो. हात आणि ओठ काळे करत आम्ही खातो. शिदोरीत मास्तरच्या घरची ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा आहे. बांधावर फवारणीचा पंप पालथा घातलेला, शेजारी तोंड बांधायचं फडकं वाळत टाकलेलं. 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. तेव्हापासून काका फडक्याशिवाय पंप उचलत नाहीत. पण पंप धुतात तो धरणाच्याच पाण्यात. मास्तरच्या छापील अर्जात जागेला असलेल्या धोक्यांचाही रकाना आहे. तो पेन काढतो, पंपाकडे बघतो, हुळ्याकडे बघतो, पेन खिशात ठेवतो. "घरी लिहितो," म्हणतो.

याच पाण्यावर यवतमाळ शहराची मदार आहे. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही शहराला पाणी पुरवणारी धरणं आटली आणि शहर टँकरमागे धावलं, ते मी बघितलंय. त्यानंतर बेंबळ्याच्या नळयोजनेची वाट कशी पाहिली गेली, हे यवतमाळकरांना सांगायला नको.

दुपारी तीनच्या सुमारास काकांच्या वावराखालच्या गाळावर आम्ही पालथे पडतो. पट्टकादंब समोर आहेत, गुडघाभर पाण्यात आणि चिखलाच्या जिभेवर. फिकट राखाडी अंग, पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन ठळक काळे आडवे पट्टे. चोच आणि पाय नारिंगी-पिवळे. बहुतेक झोपलेत, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. चार जण मान ताठ करून उभे. एकाने मान खाली घातली की दुसरा वर करतो.

हे पक्षी मंगोलिया, तिबेट, लडाखकडे वीण करतात आणि हिमालय ओलांडून येतात. पाठीवर उपग्रहयंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात त्यांची उंची सात हजार मीटरच्या वर नोंदली गेली आहे. पण त्याच अभ्यासांतून हेही कळलं की एकदा उंची गाठली की ते ती धरून ठेवत नाहीत. डोंगर चढला की वर, दरी आली की पुन्हा खाली, जमिनीच्या अंगाअंगाने. कमावलेली उंची दरीत सोडून द्यायची आणि पुढच्या डोंगराला नव्याने कमवायची, हे वाचायला विचित्र वाटतं. पण खाली हवा दाट असते, तिथे पंख मारायला कष्ट कमी पडतात.

"टिपेश्वरचा एक वाघ गळ्यात पट्टा घालून तीन हजार किलोमीटरच्या वर चालला, ज्ञानगंगेपर्यंत," मास्तर कुजबुजतो. "2019 ची गोष्ट. देशभर बातमी झाली. हे दरवर्षी येतेत तं यायले कोनी इचारत नाई."

टिपेश्वर याच जिल्ह्यात आहे, पांढरकवड्याच्या बाजूला. जिल्ह्यात आलेला पाहुणा सफारीचं विचारतो. बेंबळ्याचं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मास्तरची तक्रार रास्त आहे. पण वाघ एकटा होता, आणि एकट्याची गोष्ट सांगता येते. थव्याचा आकडाच होतो.

आमचं काम आता वेगळं आहे. मंगोलियात काही पट्टकादंबांच्या मानेत अक्षरं असलेली रंगीत पट्टी घातली जाते, आणि असे पक्षी महाराष्ट्रात दिसल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे प्रत्येक मान तपासायची. झोपलेल्याची मान दिसत नाही. थांबावं लागतं. कोपर चिखलात रुततं. एक जागा होतो, पंख ताणतो, मान लांब करून पाणी पितो: मोकळी. दुसरा अंघोळ करतो, डोकं पाण्याखाली नेऊन पाठीवर पाणी घेतो: मोकळी. एकाच्या मानेवर गडद आडवी रेघ दिसते आणि मास्तर माझा दंड घट्ट धरतो. पक्षी वळतो. चिखल आहे. चिखल पाण्याने धुतला जातो, आणि दंडावरची पकड सुटते.

चौसष्ट माना. पट्टी एकीलाही नाही. या आकड्यावर आमचा वाद होत नाही, कारण प्रत्येक मानेपाशी आम्ही दोघंही थांबलोय.

परत भिंतीपाशी येईतो ऊन उतरलं आहे. मास्तर मोटारसायकलच्या सीटवर अर्ज पसरून बेरजा मारतो. मी ओरडून सांगतो, तो भरतो. नदी सुरय 31. शेकाट्या 74. टिटवी 19. राखी बगळा 12. सकाळचा भोई तराफा डोक्यावर घेऊन वर येतो आहे, कमरेला जाळं गुंडाळलेलं. पिशवीत रोहू, वर दोन मरळ.

"किती भरले सर?"

"सारे मिळून दोन हजाराच्या घरात."

"आमच्या जायातले धरले का?"

मास्तर मान वर करतो. "जाळ्यात काय होतं?"

"पानकोंबड्या. दोन. सकाळी फासल्या होत्या. एक सोडली, एक मेली होती."

"वारकरी असतील. कपाळ पांढरं?"

"नाई जी. कपाळ लाल. चोच लाल, शेंड्याले पिवयी. पाय हिरवे."

मास्तर माझ्याकडे बघतो. लाल कपाळाची, पिवळ्या टोकाच्या चोचीची पाणकोंबडी आज दिवसभरात आमच्या यादीत आलेली नाही. तो वही चाळून पुन्हा खात्री करतो. नाहीच.

"लिहून टाक," मी म्हणतो. "भाऊ कशाला खोटं सांगेल?"

"आपण पाह्यली नाही. पाह्यली नाही ते लिहिता येत नाही." मग भोयाकडे वळून, "सोडली ती कुठं सोडली?"

"त्या नाल्याच्या तोंडाशी. तिथंच ऱ्हाते त्या, चार-पाच हाय. सकाळी लवकर निंघते. उद्या या, दाखवतो."

"उद्या सोमवार," मी आठवण करून देतो. "तुझी शाळा आहे."

"साडेदहाले भरते," मास्तर म्हणतो आणि पेनाचं टोपण लावतो. "किती वाजता येऊ, भाऊ?"